फिब या शब्दाला दाखला मिळेना

दाखलेकाकांचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे. शब्दकोशाच्या या कार्यालयात त्यांचं काम एकच, शब्दाला दाखला शोधायचा. आधी इंग्रजी शब्द, मग त्याचा मराठी अर्थ आणि त्याखाली तो अर्थ उघडून दाखवणारं एक मराठी वाक्य. हे वाक्य गोळा करणारे ते, म्हणून दाखलेकाका. वय अठ्ठावन्न, लग्न झालेलं नाही, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होतात, ही तर गावभर झालेली गोष्ट. भावाच्या घरी पत्त्यांचा डाव पडला की त्यांना भिडू म्हणून कुणी घेत नसे, कारण हातात एक्का आला की तो आधी कानांवर दिसायचा.

कार्यालयात मनाने वाक्य रचायला सक्त बंदी होती. कोशाचे संपादक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते म्हणायचे, "टेबलाशी बसून रचलेलं वाक्य जगात कुणी बोलत नाही. लोक बोलतात ते आणा." म्हणून प्रत्येक दाखल्याची एक चिठ्ठी असे. वर शब्द, खाली वाक्य, मग रकाने: कोण बोललं, कुठे बोललं, शेरा, कुणाला बोललं, आणि शेवटी बोलणाऱ्याची सही. सही नसेल तर चिठ्ठी पेटीत जात नसे. दर शनिवारी दुपारी वरच्या मोठ्या खोलीत पेटी उघडायची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. त्या वाचनाला झाडणाऱ्या मावशींपासून सरांपर्यंत झाडून सगळे हजर, कारण शब्द सगळ्यांचे असतात असं सरांचं मत होतं आणि सरांच्या मतापुढे कुणाचं काही चालत नसे.

तर हे सगळं सुरळीत चाललं होतं. 'फेअर'ला दाखला मिळाला, 'फॅमिली'ला मिळाला, 'फीवर'ला तर तीन माणसांनी हौसेने सह्या केल्या. आणि मग आला फिब.

फिब म्हणजे खोटं, पण बारीक. इंग्रजी बोलणारे हा शब्द पोराबाळांच्या, नात्यागोत्याच्या खोटेपणाला वापरतात, कोर्टातल्या साक्षीला नाही. फिब मारली म्हणून कुणाला बेड्या पडत नाहीत. इथवर सगळ्यांचं एकमत होतं, पण मराठीत लिहायचं काय यावर तीन दिवस रणकंदन झालं. सरांनी लिहिलं, 'क्षुल्लक असत्य'. प्रूफ तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, असत्य एवढा भारदस्त शब्द घेतला की ते क्षुल्लक राहतंय कुठे?" मग 'थाप' सुचली, पण थाप मारणारा छाती फुगवून मारतो. 'बंडल' म्हटलं तर ऐकणाऱ्याला हसू येतं. 'लोणकढी' तर ऐकतानाच कळते की लोणकढी आहे. शेवटी सर वैतागून म्हणाले, "अर्थ राहू द्या. आधी दाखला आणा, अर्थ त्यातूनच निघेल. सोमवारी पान छपाईला जाणार आहे."

काकांना वाटलं, हे तर डाव्या हाताचं काम. किरकोळ खोटं काय, रस्त्यात पडलेलं असतं.

पडलेलं होतंच. पहिल्याच दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावोजी, शेवटची पोळी तुम्ही घ्या, मला अजिबात भूक नाही." काका वर आपल्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन चिठ्ठी आणेपर्यंत वहिनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या डब्यातले पोहे खात होत्या. काकांनी अदबीने चिठ्ठी पुढे केली. "वहिनी, फक्त सही करा."

वहिनींनी चिठ्ठी वाचली. "म्हणजे मी खोटारडी, असं पुस्तकात छापणार?"

"नाव छापत नाहीत, वहिनी. नुसतं वाक्य."

"पण सही माझीच ना? मग तुमचे सर वाचणार, त्या मॅडम वाचणार. आणि सांगू का, तेव्हा मला खरंच भूक नव्हती. ती नंतर लागली."

शिंपी म्हणाला, "फक्त बटणं राहिलीत." काकांनी वाकून पाहिलं, तर त्यांच्या शर्टाचं कापड अजून दुकानाच्या पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. सहीचं नाव काढताच शिंपी दुखावला आणि त्याने काकांच्या डोळ्यांदेखत कात्री घेऊन शर्ट कापायला घेतला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "जरासुद्धा दुखणार नाही." काका तोंड उघडं ठेवून खिशातली चिठ्ठी चाचपू लागले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की वैद्यकीय भाषेत याला दिलासा म्हणतात. भाऊ फोनवर कुणाला तरी म्हणाला, "अरे निघालोय, रस्त्यातच आहे." तो तेव्हा टॉवेल गुंडाळून साबण शोधत होता. "दादा, सही," म्हटल्यावर दादाने न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं.

गुरुवारपर्यंत एकतीस फिबा जमल्या आणि सही एकही नाही. गंमत बघा, चोरी कबूल करणारे चोर सापडतात, पण 'मला भूक नाही' कबूल करणारा माणूस सापडत नाही. उलट बातमी फुटली, आणि काका दिसले की लोक नको इतकं खरं बोलू लागले. शेजारच्या बाईंनी "कशा आहात?" या साध्या प्रश्नाला गुडघ्यापासून सुरुवात केली, ती पित्तापर्यंत पोचल्यावर काकांनी हात जोडले.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. काकांचा जीव त्या आठवड्यात फिबमध्ये नव्हता. तो खालच्या मजल्यावर होता, बाइंडिंगच्या खोलीत.

तिथे बाइंडरबाई काम करायच्या. वय चौपन्न, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, बोटांना कायम सरसाचा वास, आणि दाभण ओठात धरूनही स्पष्ट बोलायची कला. कोशाची कच्ची पानं, जुने खंड, काकांच्या दाखल्यांच्या वह्या, सगळं त्या हाताने शिवायच्या. आता नवा कोश बाहेरच्या यंत्रावर बांधायचं ठरलं होतं आणि ही खोली बंद होणार होती. कॉलेजच्या वाचनालयाने बाईंना जुनी पुस्तकं शिवायला बोलावलं होतं, पण थोरली बहीण दूरच्या शहरातून रोज फोन करी, ये माझ्याकडे, खोली रिकामी आहे, एकटी काय राहतेस. बाईंनी सोमवारचं तिकीट काढलं होतं. काकांना हे दहा दिवसांपासून ठाऊक होतं. दहा दिवस ते रोज ठरवून खाली उतरायचे की आज म्हणायचंच, 'जाऊ नका.' आणि रोज पंख्याच्या आवाजाविषयी बोलून वर यायचे. जगातल्या प्रत्येक शब्दाला वाक्य शोधणाऱ्या या माणसाला ते दोन शब्द काही जुळवता येईनात. सोमवार मात्र सावकाश येणाऱ्यातला नव्हता.

शुक्रवारी दुपारी मॅडम वरून ओरडल्या, "काका, फिबची चिठ्ठी? नाहीतर जागा कोरी जाईल." एकतीस वर्षांत काकांची जागा कधी कोरी गेली नव्हती. त्यांना घाम फुटला. ते टेबलाशी बसले, डोकं धरलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की सही करायला तयार असलेला एक माणूस या इमारतीत आहे. ते स्वतः. आणि त्यांच्या नावावर एक फिब होती. एकच, पण अकरा वेळा मारलेली.

मग त्यांना जे झालं त्याला अंगात येणं म्हणतात. पेन उचललं आणि झरझर लिहिलं. शब्द: फिब. वाक्य: 'बाई, वहीची शिवण आपोआप उसवली हो.' कोण बोललं: मी. कुठे: बाइंडिंगची खोली. शेरा: अकरा वेळा, चौदा महिन्यांत. शिवण उसवली नव्हती, ब्लेडने कापली होती. कुणाला बोललं: बाइंडरबाईंना. सही. तारीख. घडी घातली, पेटीच्या फटीतून आत सोडली आणि काम फत्ते झाल्याच्या आनंदात जिना उतरले. पाचव्या पायरीवर त्यांना कळलं की आपण काय केलंय.

इतक्या वर्षांची सवय. रकाना दिसला की भरायचा.

परत वर धाव. पेटीला कुलूप, किल्ली सरांकडे, सर घरी गेलेले. काकांनी फटीत पट्टी घालून पाहिली, चिमटा घालून पाहिला, पेटी उलटी करून हलवली. चार चिठ्ठ्या बाहेर पडल्या, चारही 'फिक्स'च्या. झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय हरवलं, काका?" काका म्हणाले, "काही नाही." कान असे पेटले की मावशींनी त्यांना पाण्याचा ग्लास आणून दिला.

शनिवारी दुपारी मोठ्या खोलीत सगळे जमले. बाइंडरबाई खिडकीपाशी बसल्या, मांडीवर एक खंड, हातात सुईदोरा, कारण वाचन ऐकताना हात रिकामा ठेवणं त्यांना जमत नसे. काका दारापाशी बसले, पळायला सोपं जावं म्हणून. वहिनींनी सकाळी विचारलं होतं, "भावोजी, तब्येत बरी आहे ना?" आणि काकांनी खरं तेच सांगितलं होतं, "नाही."

सरांनी पेटी उघडली. 'फिक्स', 'फिल', 'फिल्टर', एकेक चिठ्ठी वाचली जात होती आणि काकांना वाटत होतं की आपली चिठ्ठी कदाचित उंदराने खाल्ली असेल. मग सरांनी एक घडी उलगडली, चष्मा वर केला, खाली केला. "अरे वा. फिब. सहीसकट." त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि सरांची एक खोड अशी की ते रकाने सोडत नसत. वाक्य वाचलं. कोण बोललं ते वाचलं. अकरा वेळा हे वाचताना त्यांचा आवाज जरा अडखळला, ब्लेडशी तो थांबलाच. 'कुणाला बोललं' हा रकाना त्यांनी मनात वाचला, पण तोपर्यंत सगळी खोली खिडकीकडे बघत होती, कारण इमारतीत वह्या शिवणारं माणूस एकच होतं.

काका खाली बघत होते. त्यांना स्वतःच्या चपला एवढ्या बारकाईने पाहायची वेळ कधी आली नव्हती.

"उत्तम दाखला आहे," सर घसा खाकरून म्हणाले. "किरकोळ, निरुपद्रवी खोटं. घ्यायला हरकत नाही. कुणाचा आक्षेप?"

"माझा आहे," बाइंडरबाई म्हणाल्या.

बाईंनी सुई खंडात टोचून ठेवली. "फिबमध्ये ऐकणारा फसायला लागतो ना, सर?"

"फसावा अशी अपेक्षा असते, हो."

"मग ही फिब नाही. शिवण आपोआप उसवते तेव्हा दोरा झिजून पिंजतो, टोकाला कापूस धरतो. यांच्या वहीचा दोरा प्रत्येक वेळी सपासप कापलेला. दुसऱ्या वहीला मला कळलं होतं."

मॅडमनी तोंडाला पदर लावला. सरांनी चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तितका ठाम राहिला नव्हता. "तुम्ही किरकोळ म्हणालात. एक माणूस चौदा महिने आपल्या हातच्या वह्या कापतोय. एकतीस वर्षं जिवापाड जपलेल्या वह्या. त्याला किरकोळ म्हणायचं?"

काकांनी मान वर केली. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या. बाईंचे कान लाल झालेत हे काकांना दिसलं आणि आपल्याशिवाय आणखीही कुणाला तरी हे होतं याचा त्यांना केवढा आधार वाटला.

सर नियमाचे पक्के. "आक्षेप मान्य. चिठ्ठी बाद. म्हणजे जागा कोरी जाणार."

"कोरी कशाला?" बाई म्हणाल्या. "एक चिठ्ठी द्या मला."

त्यांनी खंडाच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी ठेवून लिहिलं, वेळ लावून लिहिलं, सही केली आणि सरांकडे नेऊन दिली. सरांनी वाचलं. वाक्य: 'चार दिवस लागतील.' कोण बोललं: बाइंडरबाई. कुणाला: दाखलेकाकांना, प्रत्येक वहीच्या वेळी. शेरा: एक वही शिवायला तासभर लागतो आणि सरस सकाळपर्यंत वाळतो.

"मग चार दिवस कशाला सांगायचे?" सरांनी विचारलं. संपादक म्हणून त्यांना ते कळायलाच हवं होतं.

"तेवढ्यात हे तीनदा विचारायला यायचे. वही झाली का म्हणून."

"आणि काका, तुम्हाला हे खरं वाटलं होतं?" सर वळले. "नीट आठवून सांगा, दाखल्याचा प्रश्न आहे."

"अगदी खरं वाटलं," काका म्हणाले. "मी म्हणायचो, केवढं नाजूक काम."

खोली हशाने जी फुटली म्हणता. मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या, मावशी डोळे पुसत होत्या, सरांनी चष्मा काढून ठेवला कारण त्यातून काही दिसेना. दाखला एकमताने मंजूर झाला. अर्थही तिथेच ठरला: 'समोरच्याला न दुखवता आपलं साधून घेण्यासाठी केलेलं लहानसं खोटं'. मॅडमना 'आपलं साधून' खटकत होतं, पण बाई म्हणाल्या, राहू द्या, बरोबर आहे.

हसणं चालू असतानाच बाई खंड उचलून खाली गेल्या. काका उठले. जिन्याच्या पायऱ्या एरवीपेक्षा जास्त की कमी हेही कळत नव्हतं. दहा दिवस न जुळलेले ते दोन शब्द घेऊन ते बाइंडिंगच्या खोलीच्या दारात पोचले. बाई दोऱ्याची रिळं खोक्यात भरत होत्या. अर्धं खोकं भरलं होतं.

"जाऊ नका," काका म्हणाले.

इतकं सोपं होतं ते. काकांना स्वतःचाच राग आला आणि लगेच गेला, कारण आत आणखी शब्द येऊन उभे होते, एकमेकांना ढकलत. "सोमवारी जाऊ नका. वाचनालयाचं काम घ्या. मी वह्या कापणार नाही. म्हणजे तुम्ही म्हणाल तर कापेन. मला एकट्याने राहायचा कंटाळा आला आहे आणि तो आत्ता आलेला नाही, चौदा महिन्यांपूर्वी आला. लग्न कराल का माझ्याशी?"

बाईंच्या हातातलं रीळ सुटलं आणि घरंगळत टेबलाखाली गेलं. दोघंही ते उचलायला वाकले नाहीत.

बाई काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. थोरली बहीण. बाईंनी फोन कानाला लावला, पलीकडचा आवाज इतका खणखणीत की काकांनाही सगळं ऐकू येत होतं. "सोमवारी गाडी किती वाजता पोचते? यांना स्टेशनवर पाठवते."

"ताई," बाई म्हणाल्या, "मी नाही येत."

"का? काय झालं? बरं नाही का?"

आता इथे एक फिब अगदी तयार होती. काम निघालं, ताप आला, तिकीट मिळालं नाही. काकांना ती बाईंच्या ओठांवर येताना दिसली आणि तिथेच विरतानाही दिसली.

"मला बरं आहे, ताई. इथे एक गृहस्थ आहेत. त्यांनी आत्ता मला लग्नाचं विचारलं आहे आणि मी हो म्हणणार आहे. अजून म्हटलं नाही, तुझा फोन आला मध्येच."

काकांना आपण उभे आहोत की तरंगतोय याचा पत्ता नव्हता. मग तो आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू. "दे त्यांना फोन."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला. बहिणीने सलामीलाच चौकशी सुरू केली, वकिलासारखी. वय किती. अठ्ठावन्न. दात? दोन बसवलेले. रागीट आहात का? चष्मा सापडला नाही तर. स्वयंपाक येतो? वरण-भात येतो, भाजी बिघडते. काका खरं ते सांगत होते आणि बाई टेबलाला टेकून डोळ्यांवर हात धरून उभ्या होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आणि घोरता का?" बहिणीने विचारलं. "खरं सांगा. तिची झोप फार सावध आहे."

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. गच्चीवरची खोली, एक खाट, एक उशी.

"माहीत नाही," ते म्हणाले. "आजवर सांगायला कुणी नव्हतं."

"बरं," बहीण म्हणाली. "कळलं की मला कळवा."